पीटाचा पाय

आवडत्या पुस्तकावरचा पिक्चर माणसाने एकट्याने बघावा, दार लावून. राग आला तर उशीवर काढावा. पण मे महिन्यात मालवणातल्या घरात एकटं बसायला जागा नसते आणि उशाही पाहुण्यांना गेलेल्या असतात. मुंबईचे चाकरमानी उतरलेले, मागच्या पडवीत फणस फोडलेला. अशात चुलतभावाने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "तुझा तो 'हंगर गेम्स' लावूया."

'तुझा तो' म्हटलं की संपलं. पुस्तक लिहिलं सुझन कॉलिन्सने २००८ साली, पिक्चर काढला गॅरी रॉसने २०१२ साली, आणि "ह्या चेडू कोणाचा?" या आजीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी.

गोष्ट तशी सांगायला सोपी. दरवर्षी बारा जिल्ह्यांतून एकेक मुलगा नि एकेक मुलगी चिठ्ठी काढून न्यायची, वय बारा ते अठरा. त्या चोवीस जणांनी एकमेकांना मारायचं आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. पिक्चरमध्ये नायिका कॅटनिसचा मित्र गेल म्हणतो, माझ्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. एवढ्या का, हे तिथे सांगत नाहीत; पुढे एका वाक्यात उरकतात. पुस्तकात याची चांगली पानंच्या पानं आहेत. मी पिक्चर थांबवून घसा साफ केला, तोवर आबा म्हणाले, "जादा रेशन घेतल्यान असतला." तसंच आहे, जादा धान्य घेतलं की चिठ्ठ्या वाढतात. आबांची अर्धी हयात रेशनच्या रांगेत गेली आहे. पुस्तक न वाचता माणसाला इतकं बरोबर कळावं, हे मला जरा लागलंच.

मग मांजर आलं. पुस्तकातला बोका मळकट पिवळा, अर्धा कान तुटलेला. रंगावरूनच कॅटनिसच्या धाकट्या बहिणीने, प्रिमने, त्याला पिवळ्या फुलाचं नाव ठेवलेलं. पिक्चरमध्ये निघाला काळा-पांढरा! हे मी जरा मोठ्याने बोलले. दुसऱ्या पिक्चरमध्ये, २०१३ साली, त्यांनी गुपचूप पिवळा बोका आणला, म्हणजे चूक त्यांनाही कळली होती, हेही सांगितलं. आजी म्हणाली, "बोक्याच्या रंगाचा काय घेऊन बसलंस? बांगडे खाता ना?" वाद मिटला. म्हणजे त्यांच्यापुरता.

रिंगणात पोरं सुटल्यावर कॅमेरा जो हलायला लागला, तो हलतच राहिला. कोण कोणाला मारतंय ते कळू नये म्हणूनच तसं केलंय, मुलांनाही बघता यावा म्हणून, असं मी समजावत होते. काकूला गगनबावड्याचा घाट लागतो. तिला पलंगावर बसल्याजागी गाडी लागली. आवळासुपारी तोंडात टाकून ती डोळे मिटून म्हणाली, "धावूचे थांबले की सांगा."

मधल्या काळात मी चौथ्या जिल्ह्याचा विषय काढला. चौथा जिल्हा मासेमारीचा. पुस्तकात प्रत्येक जिल्ह्याचा पाव वेगळा असतो आणि चौथ्याचा माशाच्या आकाराचा, समुद्री शेवाळाने हिरवट झालेला. पिक्चरमध्ये हा पाव नाहीच. "म्हणजे आपण चार नंबरवाले," असं म्हणून चुलतभाऊ सरसावून बसला. आपला गडी कुठाय, कुठाय, असं विचारू लागला. पुस्तकात चौथ्याचा मुलगा पहिल्याच दिवशी मरतो, हे सांगणं भाग होतं. घरात थोडा वेळ सुतक पाळलं गेलं. "दुसऱ्या भागात येतो आपला, त्रिशूळ आणि जाळं घेऊन," असा धीर मी दिला, तेव्हा कुठे पुढे सरकलो.

खरी कसोटी गुहेत होती. कॅटनिसच्याच जिल्ह्यातला बेकरीवाल्याचा मुलगा पीटा, त्याच्या पायाला जखम, कॅटनिस त्याची सेवा करतेय, मग मुका. काकूने डोळे उघडले. "लगीन होतला मां?" आता हिला काय सांगायचं? अख्खं पुस्तक कॅटनिसच्या डोक्यात चालतं. प्रेम खरं की कॅमेऱ्यासाठी, हे तिचं तिलाच कळत नाही, आणि सगळी गंमत त्या न कळण्यात आहे. पुस्तकात वरून सूप येतं, त्यांचा मार्गदर्शक हेमिच बाहेरून पाठवतो, बरोबर चिठ्ठी-बिठ्ठी काही नसते. मुका घेतला म्हणून सूप आलं, म्हणजे हेमिचला अजून हवंय, हा हिशोब ती स्वतः करते. पिक्चरवाल्यांनी सरळ चिठ्ठीच पाठवली, याला काय मुका म्हणतात, अशी! म्हणजे कॅटनिसच्या डोक्याला कामच ठेवलं नाही. मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. काकू म्हणाली, "ता खरा. पण लगीन?"

इथे चुलतभाऊ जांभई देत म्हणाला, "बोगस आहे यार."

बोगस? कॅटनिस झालेली जेनिफर लॉरेन्स दिसत नाही? प्रिमचं नाव निघाल्यावर तिचा चेहरा? कंट्रोल रूममध्ये बसून जंगलाला आग लावणारी माणसं पुस्तकात दिसत नाहीत, ती दाखवली हे किती बरं केलं! पटकथेत खुद्द कॉलिन्सबाईंचा हात आहे! मी अशी काही तुटून पडले की आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. या पिक्चरला नावं ठेवायची ती मी. मांजर मी ओळखलं, पाव मी शोधला. ज्याने पुस्तकाचं पान उलटलं नाही त्याने बोगस म्हणायचं काय कारण?

शेवटी कॅटनिस नि पीटा विषारी बोरं हातात घेऊन उभी राहिली आणि लाईट गेली. वळिवाची सर होती. लॅपटॉपची बॅटरी गेल्या पावसाळ्यातच वारलेली.

"सांग मगे पुढचा," आबा अंधारात म्हणाले. मी म्हटलं, पिक्चरमधलं सांगू की पुस्तकातलं? "आमच्या दशावतारात खयचा इला पुस्तक? राजा आयत्या वेळी काय बोलता, ता खरा."

अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी मागे जाऊन रिंगणात सोडलेल्या लांडग्यांपासून धरलं. पुस्तकात त्या जनावरांना मेलेल्या मुलांचे डोळे असतात. पिक्चरने हे गाळलंय. पोरं एकमेकांना चिकटली. मग बोरं, मग सुटका, आणि मग पीटाचा पाय. पिक्चरमध्ये पाय शाबूत राहतो. पुस्तकात डॉक्टर तो कापतात आणि खोटा बसवतात. मी कापला. सावकाश, सगळ्या तपशिलासकट.

आजीचं पान चघळणं थांबलं. "पाय कापलो?"

"कापला."

"त्या पावाक पीठ मळणाऱ्या पोराचो?"

तेवढ्यात लाईट आली. लॅपटॉप सुरू होईपर्यंत कोणी बोललं नाही. मग टीव्हीवर मुलाखत लागली, पुढे आगगाडी, आणि पीटा दोन्ही पायांवर टुणटुणीत उभा.

"हो बघ! उभो आसा!" आजी ओरडली. "खोटा सांगलंस गो, मेल्या!"

मी पुस्तक आणून पान दाखवलं. आजीला इंग्रजी येत नाही, आणि येत असतं तरी तिने ते वाचलं नसतं. हल्ली मी काहीही सांगायला लागले, अगदी शेजारणीच्या म्हशीबद्दलही, की ती बाकीच्यांना आधीच बजावते, "अर्धाच धरा. ही पाय कापता."