स्वे बारने गाडी रस्त्याला चिकटत नाही

पावसाळा तोंडावर आला की साताऱ्यातल्या गाडीवेड्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘मागच्या बाजूला जाड स्वे बार टाका. गाडी रस्त्याला चिकटून चालते, यवतेश्वर-पसरणीच्या वळणांत उलटायची भीती नाही, राइडवर शून्य फरक, कुठल्याही गाडीला बसतो, घरच्या जॅकवर तासाभराचं काम, आरटीओचा काही संबंध नाही.’ यातला पहिला दावा सगळ्यात धोक्याचा आहे, म्हणून जास्त वेळ त्यालाच.

‘गाडी रस्त्याला चिकटते’

स्वे बार म्हणजे स्प्रिंग स्टीलचा आडवा दांडा, दोन्ही टोकांना वाकवलेला. वळणात गाडी एका बाजूला कलली की तो पिळला जातो आणि कलण्याला विरोध करतो. गाडी कमी झुकते, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण पकड टायरची असते, आणि ती त्या टायरवर किती वजन पडलंय त्यावर चालते. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार, हे गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि तुम्ही वळण किती जोरात घेताय यावर ठरतं. बार त्यात जवळपास काहीच बदल करत नाही. या अदलाबदलीचा मोठा वाटा पुढच्या जोडीने उचलायचा की मागच्या, एवढंच तो ठरवतो. मागे जाड बार टाकला की तो वाटा मागे सरकतो.

आता टायरचा स्वभाव असा, की वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही. बाहेरच्या चाकाला मिळालेली पकड आतल्या चाकाने घालवलेल्या पकडीपेक्षा कमीच भरते. म्हणजे मागच्या जोडीची एकूण पकड घटते आणि पुढच्या जोडीची थोडी वाढते.

मग बार टाकणाऱ्याला गाडी ‘चिकटली’ असं का वाटतं? आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, आणि कंपनी त्या मुद्दाम अंडरस्टिअरकडे झुकत्या ठेवते. वेग जास्त झाला तर आधी नाक बाहेर जातं. मागचा बार लावला की हे नाक पटकन आत वळतं, स्टिअरिंग चटपटीत होतं. फेब्रुवारीत कासच्या कोरड्या रस्त्यावर तर मजाच. त्या मजेला माझा विरोध नाही, आणि लिहिणाऱ्याला जे जाणवलं ते खोटंही नाही.

पण कंपनीने नाक बाहेर जाऊ दिलं त्याला कारण आहे. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. नाक बाहेर जाणाऱ्या गाडीत तसं केलं की वजन पुढे येतं, पुढच्या टायरना पकड मिळते, गाडी वळते आणि माणूस वाचतो. आता तीच गाडी जुलैत यवतेश्वर घाट उतरतेय असं धरा. धुकं, ओला डांबर, वळणावर डोंगरातून वाहून आलेला चिखल. उतारामुळे मागची चाकं आधीच हलकी, त्यात बारने त्यांची पकड आणखी कमी केलेली. समोर अचानक एसटी दिसते, पाय सुटतो, आणि शेपूट फिरतं. इथून सावरायला उलटं स्टिअरिंग द्यावं लागतं, तेही वेळेत आणि मोजून. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा धरणं मला तरी पटत नाही. ईएससी (घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेली गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरायचा प्रयत्न करते खरी, पण ती यंत्रणा गाडीच्या मूळ तोलावर बेतलेली असते.

यात ‘जाड’ हा शब्द आणखी भर घालतो. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिमीच्या जागी २२ मिमी टाकला तर तो साडेतीन पटींहून जास्त ताठ होतो. दुकानात हातात धरून हा फरक कळत नाही. उलट २२ मिमीचाच पोकळ बार, ३ मिमी जाडीच्या भिंतीचा घेतला, तर भरीवच्या तुलनेत ताठपणा सुमारे ७२ टक्के राहतो आणि वजन निम्म्याहून खाली येतं. नुसत्या जाडीवर किट निवडणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. बारच्या टोकाला जोडणीसाठी दोन-तीन भोकं असतील तर शेवटचं भोक सगळ्यात मऊ, वाकाजवळचं सगळ्यात ताठ. सुरुवात शेवटच्या भोकापासून करायची.

‘उलटायची भीती नाही’

सपाट रस्त्यावर गाडी उलटायची हद्द ढोबळमानाने ठरते ती चाकांमधल्या निम्म्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून. या दोन्ही गोष्टींना बार हात लावत नाही. साधी हॅचबॅक त्या हद्दीला पोचायच्या आधीच घसरते. ती उलटते ती बहुतेकदा आडवी घसरत जाऊन खचलेल्या साइडपट्टीत चाक अडकलं की, किंवा कठड्याला नाहीतर दगडाला आपटली की. शेपूट लवकर सोडणारा बार या बाबतीत कुणाच्या बाजूने आहे, ते तुम्हीच बघा.

‘राइडवर शून्य फरक’

हा दावा कुठून आला असेल याचा अंदाज बांधता येतो. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार आपल्या बुशांत, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी कड्यांत, नुसता फिरतो आणि खरंच काही जाणवत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र बार पिळतो आणि तो दणका दुसऱ्या बाजूलाही पोचवतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी एका कडेला दाबलेल्या सांगलीकडच्या रस्त्यांवर एकदा चालवून बघा, गाडी डावी-उजवी डोलायला लागते.

‘कुठल्याही गाडीला बसतो’

नाही. स्विफ्ट, बलेनोसारख्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारा आडवा तुळईसारखा भाग असतो. तो बीम स्वतःच पिळून स्वे बारचं काम करतो. अशा गाडीचा जादा बार साधारणपणे दोन ट्रेलिंग आर्मच्या (चाक धरणाऱ्या दोन बाजूंच्या भुजांच्या) मध्ये बोल्टने आवळतात. त्याला ना लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी), ना बूश. मागची चाकं स्वतंत्र असलेल्या गाडीचं किट वेगळं, पाट्यांवरच्या गाडीचं आणखी वेगळं. त्या मॉडेलसाठीच बनवलेलं नसेल तर ब्रॅकेटला वेल्डिंग मारून बसवायच्या भानगडीत पडू नका.

‘घरच्या जॅकवर तासाभराचं काम’

घरी करता येतं, हे मान्य. पण गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नसतं. विटा आणि सिमेंटचे ठोकळेही नकोत, ते न सांगता फुटतात. किती वजन पेलतात ते ठरलेले दोन रेटेड स्टँड लागतात आणि पक्की सपाट जमीन. अंगणातल्या काळ्या मातीत स्टँड रुततो. आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही: हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. टॉर्शन बीमच्या मधोमध जॅक लावू नका.

लिंक रॉडचं किट असेल तर मागची दोन्ही चाकं एका पातळीत हवीत. एकच बाजू उचलली तर बार पिळलेल्या अवस्थेत राहतो, भोकं जुळत नाहीत, मग कुणीतरी पहार घालून ती जुळवतो. असा ताणून बसवलेला बार डाव्या वळणाला एक वागतो आणि उजव्याला दुसरं. बोल्ट आधी हाताने, शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), किटच्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे. कागदच नसेल तर ते किट परत करा. पॉलियुरेथेन बुशांना किटसोबतचंच ग्रीस लावा. चाकं लोंबती असताना आणि गाडी पूर्ण दबलेली असताना बार ब्रेक पाईप, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सरला घासत नाही ना, हे दोन्ही वेळा बघायचं. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायचे. हे सगळं तासात होत नाही.

मुळात गाडी वळणात झुलते म्हणून हा खर्च करणार असाल तर आधी शॉकअप आणि टायर बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतक्या जुन्या, कडक झालेल्या रबरावर कुठला बार पकड आणणार?

‘आरटीओचा काही संबंध नाही’

आरसी बुकात स्वे बारचा रकाना नसतो, म्हणून नाक्यावर कुणी वाकून बघेल असं नाही. तरी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. तुमचं किट यात मोडतं का, हे बोल्ट आवळायच्या आधी आरटीओत विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच जपून ठेवा.