औषधाची चिठ्ठी आता जीपीकडे

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी स्वस्थ बसवत नाही. चारचौघांत हे पहिल्यांदाच लिहितेय.

इथे ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स राज्यात १ सप्टेंबर २०२५ पासून, प्रशिक्षण घेतलेले जीपी (म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर) एडीएचडीचं चालू औषध लिहून देऊ शकतात. निदान झालंय, डोस बसलाय, अशांना दर चिठ्ठीसाठी स्पेशालिस्ट गाठायला नको. पुढचा टप्पा म्हणजे निवडक जीपींनी निदान करून औषध सुरूही करणं. शेजारच्या क्वीन्सलंड राज्यात १ डिसेंबर २०२५ पासून मोठ्यांसाठी तशी मुभा आहे, न्यूझीलंडमध्ये १ फेब्रुवारी २०२६ पासून.

हे किती मोठं आहे ते थांबलेल्यालाच कळेल. पीडियाट्रिशियनसाठी फोन केला की एकच उत्तर, 'बुक्स क्लोज्ड', म्हणजे नवीन पेशंट घेत नाही. आमचा नंबर लागायला चौदा महिने गेले. पुढे एकदा चिठ्ठीची सहा महिन्यांची मुदत संपली आणि अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनंतरची. त्याचं औषध मेथिलफेनिडेट, कडक नियंत्रणातलं, केमिस्ट चिठ्ठीशिवाय एक गोळी देत नाही, आणि ते बरोबरच आहे. बाटलीत चार गोळ्या उरल्या होत्या. लेकाने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "आई, सोमवारपासून टीचर परत ओरडतील ना?"

म्हणून मी या बदलाच्या बाजूने आहे, अगदी मनापासून. निदानाच्या बाबतीत मात्र घाई नको. पंधरा मिनिटांत एडीएचडी ठरवता येत नाही. लहानपणापासूनचा इतिहास हवा, घरी आणि शाळेत दोन्हीकडे त्रास होतो का ते बघायला हवं, झोप आणि चिंता तपासायला हवी. आमच्या डॉक्टरांनी शाळेकडून फॉर्म भरून घेतला होता, मी गरोदर असतानाचंसुद्धा विचारलं होतं. जीपीने एवढा वेळ द्यावा असं वाटत असेल, तर मेडिकेअरने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याने, त्या वेळेचे पैसेही द्यायला हवेत.

आपल्या लोकांसाठी तर जीपीचं दार फार मोलाचं आहे. बीपी-शुगरसाठी आपण तिथे जातोच. सायकिअॅट्रिस्ट म्हटलं की अजूनही 'वेड्यांचा डॉक्टर' आठवतो. लेकाचं निदान झालं तेव्हा माझी आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "अगं, तुझा मामाही अस्साच होता." मामाच्या सहा नोकऱ्या गेल्या. आळशी, धांदरट, बेजबाबदार, सगळं म्हणून झालं त्याला. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. आज तो बासष्ट वर्षांचा आहे.

आमच्या जीपीने ते प्रशिक्षण घेतलंय. गेल्या आठवड्यात त्यांनी लेकाचं वजन, उंची, नाडी, रक्तदाब सगळं बघितलं. वजन वाढलेलं नव्हतं. या औषधाने भूक कमी होऊ शकते. मग माझ्याकडे न बघता त्यालाच विचारलं, दुपारी भूक लागते का? तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "नाही. डबा मी बिनमध्ये टाकतो." रोज रिकामा डबा बघून मी खूश होत होते. आता औषधाच्या आधी पोटभर नाश्ता आणि रात्री उशिरा दुसरं जेवण, असं सुरू केलंय.