रंगातला ‘साबण’ काढायला जाऊ नका

आमच्या काकांनी एक फॉरवर्ड वाचून इमल्शन पेंटच्या ड्रममध्ये तुरटी ढवळली आणि सगळ्या रंगाच्या गुठळ्या केल्या. तोच मेसेज आता सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय, म्हणून लिहिणं भाग आहे. त्यात म्हटलंय की कंपन्या रंगात साबणाची भेसळ करतात, साबण जास्त घालून नफा कमावतात आणि पहिल्या पावसातले चिकट ओघळ हा त्याचा पुरावा. उपाय काय, तर तुरटी फिरवा, साबण तळाला बसेल.

आधी तुरटीचं बघू, कारण खरं नुकसान तिथे आहे. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतले तिहेरी धन भाराचे ॲल्युमिनियम आयन तो भार मारतात आणि गाळ खाली बसतो. रंगातले पॉलिमरचे कणही बहुधा सरफॅक्टंटच्या (मेसेजमधला ‘साबण’ तो हाच) ऋण भारामुळेच सुटे राहतात. तिथे तुरटी घातली की तळाला जातो तो बाइंडर, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणारा ऐवज! एकदा चिकटलेले कण कितीही ढवळले तरी सुटत नाहीत. काही रंगांत नॉनआयनिक, म्हणजे भार नसलेला सरफॅक्टंट असतो. त्याच्या पाण्यात पसरलेल्या साखळ्या कणांना जवळ येऊ देत नाहीत. असा रंग थोडी तुरटी सोसेलही, पण मग तळाला काहीच बसणार नाही. साबण कुठल्याच रंगातून निघत नाही.

राहिली भेसळ. हा ‘साबण’ भेसळ नव्हे, रंगातले पॉलिमरचे कण त्याच्याच मदतीने बनवतात. ते बनवायच्या रिॲक्टरमध्ये पाणी, मोनोमर (ज्यांच्या जोडणीतून पॉलिमर बनतो ते छोटे रेणू), अभिक्रिया सुरू करणारं पोटॅशियम परसल्फेट आणि सोडियम लॉरिल सल्फेटसारखा सरफॅक्टंट असतो. ठरावीक प्रमाणापुढे सरफॅक्टंटचे रेणू पुंजके करतात, त्यांना मायसेल म्हणतात. मोनोमरचे थेंब काही मायक्रोमीटरचे आणि मायसेल जेमतेम पाच नॅनोमीटरचे, पण संख्येने इतके प्रचंड की परसल्फेटपासून पाण्यात तयार झालेली मूलकं (जोडणी सुरू करणारे क्रियाशील तुकडे) मुख्यतः त्यांच्यातच शिरतात आणि पॉलिमरचा कण तिथे जन्मतो. सरफॅक्टंटशिवायही कण बनवता येतात, हे मान्य. पण ते मोठे होतात आणि घट्ट लॅटेक्स (पाण्यात पॉलिमरचे कण असलेलं दुधासारखं मिश्रण) मिळणं अवघड जातं.

‘जास्त साबण, जास्त नफा’ हे तर उलटंच आहे. स्मिथ आणि एवर्ट या रसायनशास्त्रज्ञांनी 1948 मध्येच दाखवलं की कणांची संख्या सरफॅक्टंटच्या प्रमाणाच्या 0.6 व्या घाताने वाढते. सरफॅक्टंट दुप्पट केला तर कण सुमारे दीडपट होतात. मोनोमर तेवढाच, म्हणून कण बारीक होतात, माल वाढत नाही. (स्टायरीन या मोनोमरला हे चांगलं लागू पडतं, पाण्यात जास्त विरघळणाऱ्या व्हिनाइल ॲसिटेटला तितकं नाही.) शिवाय जादा सरफॅक्टंट वाळलेल्या थरात राहून पाणी ओढतो, म्हणून उत्पादक तो बेतानेच घालतात.

ओघळांबाबत मात्र मेसेज अर्धा खरा आहे. रंग नीट वाळण्याआधी पाऊस किंवा दव पडलं तर सरफॅक्टंट आणि पाण्यात विरघळणारे इतर घटक पृष्ठभागावर येतात आणि चिकट, तपकिरी रेघा उठतात. बहुधा त्या साध्या पाण्याने निघतात. पावसाच्या तोंडावर बाहेरची भिंत रंगवायला काढू नका, एवढाच त्यावर उपाय.