‘ध्रुवांवर हिरवे वाढतेच आहे, मग काळजी कसली?’ : तासगावहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ध्रुवीय किनाऱ्यांलगतच्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, मी लिहिलेल्या लेखाला आपण तासगावहून पाठवलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपला मुख्य आक्षेप असा आहे, की बर्फ वितळले म्हणजे समुद्राला ऊन मिळणार, ऊन मिळाले म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती वाढणार आणि त्या वाढल्या की त्यांच्यावर जगणारे सगळेच वाढणार. आर्क्टिकमधले उत्पादन वाढल्याचे शास्त्रज्ञ स्वतःच सांगत असताना मी त्याला संकट का म्हणते? त्याला जोडून आपण आणखी दोन मुद्दे मांडले आहेत : तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून हवामानाबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे आहे, आणि एका भागात प्लवक घटले व दुसऱ्या भागात वाढले तर बेरीज शेवटी तीच राहते. आपण द्राक्षबागाईतदार आहात आणि पिकाचा हिशोब रोज करता, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. मलाही त्याचे उत्तर दोन ओळींत देता येणार नाही.

आपण दिलेला आकडा खरा आहे. १९९८ ते २०१८ या काळात आर्क्टिक महासागरातील वनस्पतिप्लवकांचे वार्षिक उत्पादन सुमारे ५७ टक्क्यांनी वाढल्याचे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. प्रश्न आहे तो हा आकडा काय मोजतो याचा. उपग्रह समुद्राचा रंग टिपतो, रंगावरून पाण्यातल्या हरितद्रव्याचा अंदाज बांधला जातो आणि त्यावरून उत्पादनाचे गणित मांडले जाते. ते हरितद्रव्य कोणत्या जातीच्या पेशीत आहे आणि ती पेशी कोणाच्या तोंडात मावते, हे त्या एका आकड्यात नसते. पावसाळ्यात एखादा माळ गाजरगवताने भरून गेला तर उंचावरून काढलेल्या छायाचित्रात तो हिरवागारच दिसेल. जनावरे मात्र त्याला तोंड लावणार नाहीत. ध्रुवीय किनाऱ्यांवर आज ज्याची चिंता करायला हवी, ती नेमकी या प्रकारची आहे. हिरवे किती आहे यापेक्षा ते कशाचे, केव्हाचे आणि कुठले आहे, यावर तिथली सगळी जीवसृष्टी उभी आहे.

यातला ‘कशाचे’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. सांगलीत कृष्णेचे पाणी उतरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर राहतो, तो नखाने जरासा खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात होडीच्या आकाराच्या, अंगावर अतिशय बारीक समांतर रेघा कोरलेल्या पेशी दिसतात. काही पेशी संथपणे पुढेमागे सरकत असतात. हे डायाटम. त्यांच्या पेशीचे कवच सिलिकाचे, म्हणजे ज्यापासून काच बनते त्याच द्रव्याचे असते. माझ्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी दाखवते, आणि वनस्पतीला काचेचे घर असू शकते यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही. ध्रुवीय समुद्रातले डायाटम वेगळ्या जातींचे आणि खाऱ्या पाण्यातले असले तरी घडण हीच. त्यांतले बरेच आकाराने मोठे असतात, साखळ्या करून राहतात आणि काही तर बर्फाच्या पोटातल्या खारट पाण्याच्या बारीक नळ्यांत राहून बर्फाची खालची बाजू तपकिरी करून टाकतात.

या डायाटमांवर अंटार्क्टिकातले क्रिल जगते. सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा कोळंबीसारखा प्राणी पुढच्या पायांवरच्या दाट केसांची टोपली करून पाणी गाळतो. मोठ्या पेशी आणि साखळ्या त्या टोपलीत नीट अडकतात, अगदी बारीक पेशी मात्र बऱ्याचशा निसटून जातात. आता अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर काय घडते आहे ते पाहा. समुद्रात उतरणाऱ्या तिथल्या २४४ हिमनद्यांच्या मुखांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७ टक्के हिमनद्या मागे हटल्या होत्या. वितळलेले गोडे पाणी उन्हाळ्यात किनाऱ्यालगत पसरते आणि वरच्या थराची क्षारता कमी होते. अशा पाण्यात डायाटमांच्या जागी क्रिप्टोफाइट नावाच्या, साधारण आठ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या पेशींचे प्राबल्य वाढत असल्याचे अमेरिकेच्या पामर केंद्राजवळच्या निरीक्षणांत आढळले आहे. हरितद्रव्य दोघांतही आहे, पण क्रिलच्या टोपलीत ते सारखे येत नाही. उलट सॅल्प नावाचे पारदर्शक, पिंपाच्या आकाराचे प्राणी बारीक पेशी सहज गाळून खातात. मात्र त्यांच्या अंगात बहुतांशी पाणीच असल्यामुळे पेंग्विन, सील किंवा देवमासा यांना त्यांच्यापासून क्रिलइतके पोषण मिळत नाही.

गोड्या पाण्याबरोबर गाळही येतो. याच द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पॉटर कोव्ह नावाची छोटी खाडी आहे, तिथे अर्जेंटिनाचे संशोधन केंद्र आहे. त्या किनाऱ्यावर क्रिल मोठ्या संख्येने मरून पडलेले वारंवार आढळले. संशोधकांनी ते उघडून पाहिले तेव्हा त्यांच्या अन्नमार्गात हिमनदीने आणलेल्या खडकाच्या बारीक पुडीचे कण भरलेले होते. पाणी गाळून जगणाऱ्या प्राण्याला अन्न आणि माती वेगळी करणे अवघड जाते. उपग्रहाच्या कोणत्याही हिरव्या नकाशावर ही गोष्ट उमटत नाही.

आर्क्टिकमध्येही आकाराचा हाच प्रश्न आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील समुद्राच्या खोलगट भागात बर्फ वितळून वरचा थर गोडा आणि हलका झाला, त्यामुळे खालची नायट्रेटसारखी पोषकद्रव्ये वर येणे कमी झाले आणि दोन मायक्रॉनहून लहान असलेल्या शैवालांची संख्या वाढली, मोठ्या पेशींची घटली. ही निरीक्षणे २००४ ते २००८ या काळातील आहेत. अशा बारीक पेशी मोठे प्राणिप्लवक थेट खात नाहीत. आधी त्यांना सूक्ष्म एकपेशीय प्राणी खातात, मग त्यांना इतर. अन्नसाखळीच्या दर पायरीवर साधारण दहावा हिस्साच पुढे जातो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे मध्ये एक पायरी वाढली तर तळाशी तेवढेच पिकूनही वर पोचणारे अन्न दहापट घटू शकते. आपल्या ५७ टक्क्यांच्या शेजारी हा हिशोब ठेवून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

आता ‘केव्हाचे’. उत्तर ध्रुवाकडे कॅलनस ग्लेशियालिस नावाचा, भाताच्या दाण्यापेक्षा लहान असा प्राणिप्लवक आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड या बेटसमूहात रीप फियॉर्ड नावाच्या, जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाडीत त्याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. वसंतात सूर्य परतला की बर्फाच्या खालच्या बाजूचे शैवाल फुलते; ते खाऊन मादी अंडी घालते; आणि सुमारे दोन महिन्यांनी बर्फ फुटून मोकळ्या पाण्यातला बहर येतो, तेव्हा पिल्ले नेमकी खाण्याच्या वयात आलेली असतात. बर्फ पातळ झाले आणि लवकर गेले, तर हे दोन बहर एकमेकांच्या जवळ येतात आणि पिल्लांच्या वेळेला अन्न उरत नाही. एकूण हरितद्रव्य वर्षअखेरीस पूर्वीइतके किंवा अधिकही भरेल, पण पिल्लांना त्याचा उपयोग झालेला नसेल.

याच स्वालबार्डमधल्या कोंग्स फियॉर्डच्या काठी न्यू-ऑलेसुंद येथे भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे, आणि २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी त्या फियॉर्डच्या पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही वेधयंत्रणा बसवली. हे मुद्दाम सांगते, कारण हे सगळे परक्यांच्या नोंदींवर विसंबून चालले आहे, असा सूर आपल्या प्रतिक्रियेत मला जाणवला. या फियॉर्डमध्ये २००६ नंतरच्या अनेक हिवाळ्यांत पूर्वीसारखे बर्फ धरलेले नाही, कारण अटलांटिकचे उबदार पाणी अधिक आत शिरते. त्या पाण्याबरोबर कॅलनस फिनमार्किकस ही दक्षिणेकडची लहान जात येते. थंडीतल्या जातीच्या अंगात हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी या लहान जातीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, आणि लिटल ऑक नावाचा छोटा समुद्रपक्षी आपल्या पिल्लांना भरवण्यासाठी त्या चरबीवरच अवलंबून असतो.

नोंदींच्या कालावधीबद्दलचा आपला मुद्दा मी गंभीरपणे घेते. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे तापमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगाने वाढले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतर काही वर्षे ते थांबले, किंबहुना किंचित उतरले. एल निनोचा आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या पश्चिमी वाऱ्यांच्या चढउतारांचा तिथल्या बर्फावर मोठा प्रभाव असतो. क्रिलची पैदास तर मुळातच काही वर्षांच्या अंतराने वरखाली होते. दक्षिण अटलांटिकमधील क्रिल १९७० च्या दशकानंतर घटले का, यावरही संशोधकांत मतभेद आहेत : २००४ आणि २०१९ च्या अभ्यासांत घट व दक्षिणेकडे सरकणे दिसले, तर २०१८ च्या एका विश्लेषणात घटीचा पुरावा मिळाला नाही. म्हणून मी एकेका वर्षाच्या आकड्यावर भर देत नाही. पण काही गोष्टींना लांबलचक नोंदींची गरजच नसते. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो, पाणी आम्लधर्मी होत जाते, आणि लिमासिना या तरंगत्या गोगलगायीचे चुन्याचे नाजूक कवच अशा पाण्यात झिजते. दक्षिण महासागरातून २००८ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत ती झीज प्रत्यक्ष दिसली आहे. हे रसायनशास्त्र आहे, हवामानाची सरासरी नव्हे.

राहिला बेरजेचा, म्हणजेच ‘कुठले’ हा मुद्दा. द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जो अभ्यास आपण उद्धृत केला आहे, तो २००९ मधला. तीस वर्षांत हरितद्रव्य एकंदरीत सुमारे १२ टक्क्यांनी घटले, आणि त्यातही उत्तरेकडे घट व दक्षिणेकडे वाढ, असे त्यात आढळले. आपला ऊन आणि पीक हा सिद्धांत दक्षिणेत लागू पडतो : जिथे पूर्वी बर्फ हटतच नसे, तिथे पाणी उघडे पडले आणि प्लवक वाढले. उत्तरेत मात्र उलट झाले. बर्फ कमी झाल्यामुळे वाऱ्याला समुद्र मोकळा मिळाला, वरचे पाणी खोलवर घुसळले जाऊ लागले, सूक्ष्म वनस्पती उजेडातून खाली अंधारात ओढल्या जाऊ लागल्या आणि ढगही वाढले. बर्फ गेले आणि ऊनही गेले.

शिवाय ज्यांना हे अन्न लागते, ते सगळेच त्याच्यामागे जाऊ शकत नाहीत. अडेली पेंग्विन आपल्या ठरलेल्या वसाहतींत परततात. पामर केंद्राजवळच्या बेटांवर १९७० च्या दशकाच्या मध्याला त्यांच्या सुमारे १५,००० जोड्या होत्या, आज त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक नाहीशा झाल्या आहेत. क्रिलच्या पिल्लांना हिवाळ्यात बर्फाखालचे शैवाल खरवडून जगावे लागते, म्हणून ती बर्फामागे दक्षिणेकडे सरकतील. पण दक्षिणेकडे हिवाळ्याचा अंधार अधिक लांबतो आणि त्यापुढे समुद्र संपून खंडाचा किनारा लागतो. उत्तरेत गमावलेल्या पाण्याइतके पाणी त्या बाजूला शिल्लकच नाही, त्यामुळे आपण म्हणता ती बेरीज जुळत नाही.