दाढ काढण्यापूर्वी : एका प्रतिक्रियेला उत्तर

जबडेदुखीच्या कारणांवरील माझ्या लेखावर वाईहून आलेली आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले म्हणणे असे, की जबडा दुखला तर दातांच्या डॉक्टरांकडे जावे एवढे सांगणे पुरेसे होते. नसा, हृदय, रक्तवाहिन्या अशी कारणे मांडून मी वाचकांना घाबरवतो आणि तपासण्यांच्या खर्चात लोटतो. शेवटी आपण लिहिले आहे, की सासूबाईंची एक दाढ काढूनही कळ थांबलेली नाही, म्हणून शेजारची काढायचे ठरले आहे. हे उत्तर मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे.

आपला एक आक्षेप मला मान्य आहे. हे दुखणे बहुतेक वेळा किडलेल्या दाताचे, हिरड्यांचे किंवा कानापुढच्या सांध्याचे असते. उसाची कांडी दातांनी सोलून खाल्ल्यावरही तो सांधा दुखावतो. कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज आपल्याकडे दुर्मीळ असूनही मी ती आधी मांडली, तो क्रम आता बदलला आहे. उल्लेख मात्र ठेवला आहे, कारण पन्नाशीनंतर घास चावताना जबडा थकू लागला आणि केस विंचरताना डोके दुखू लागले, तर उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

खर्चाचे म्हणाल, तर तो आमच्या घरी कारण न ओळखल्यामुळे झाला. सांगलीत माझ्या आईच्या दोन दाढा आठ महिन्यांत काढल्या गेल्या आणि दुखणे जसेच्या तसे राहिले. कळ विजेच्या झटक्यासारखी येई, काही सेकंदांत जाई, आणि तोंड धुताना किंवा एसटीच्या खिडकीतला वारा गालाला लागताच पुन्हा उठे. चावण्याची भीती बसल्याने तिने भाकरी सोडली आणि ती पेजेवर राहू लागली. मिरजेत मेंदुविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, तो कळ किती वेळ टिकते हा. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेवर मेंदूच्या तळाशी बहुधा एखादी रक्तवाहिनी दाबते आणि असे झटके येतात. दातांची संवेदनाही हीच नस वाहत असल्याने रुग्ण अगदी प्रामाणिकपणे दाढेकडे बोट दाखवतो. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते. एमआरआय काढतात तो नसेवर दाब कशाचा आहे हे पाहण्यासाठी. साध्या वेदनाशामकांना न जुमानणारी तिची कळ कार्बामाझेपीनने आटोक्यात आली. मात्र हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते.

हृदयाचा उल्लेख मी काढणार नाही. अजिंक्यताऱ्याचा चढ चढताना जबडा भरून येत असेल आणि थांबल्यावर थोड्या वेळात ओसरत असेल, तर ते दुखणे दाताचे समजू नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही हृदयविकार असा प्रकट होऊ शकतो. बसल्या जागी जबडा दुखून घाम फुटला किंवा दम लागला, तर १०८ला फोन करावा.

सासूबाईंना आज एवढेच विचारावे : कळ सेकंदांत जाते की तासन्‌तास ठणकते? गरम चहाने वाढते, की गालाला नुसता हात लागला तरी उठते? वाकल्यावर वरची दाढ आणि गाल जड होत असतील, तर सायनसही तपासून घ्यावा. ही उत्तरे दातांच्या डॉक्टरांना सांगून, क्ष-किरण चित्रात दुसऱ्या दाढेचा दोष खरोखर दिसतो का, हे त्यांना विचारावे, आणि तोवर ती दाढ काढू देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.