ओकचं रान 'साफ' करायचंय? नुसत्या फेलिंग लायसन्सने काम होत नाही

इंग्लंडमध्ये घरामागे दोन-तीन एकर ओकचं रान मिळालं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: जागा आपली, झाडं आपली, ती काढून कुरण करायला परवानगी कशी मिळवायची? उत्तरही तयारच असतं: फॉरेस्ट्री कमिशनचं (तिथलं सरकारी वनखातं) फेलिंग लायसन्स, म्हणजे वृक्षतोडीचा परवाना काढ, ऑनलाइन होतं, फी लागत नाही. हे सगळं खरं आहे. तरी सल्ला अर्धवट आहे, आणि त्यामुळेच लोक अडकतात.

फेलिंग लायसन्स झाडं तोडायला मिळतं, रान संपवायला नाही. सरसकट तोडीच्या लायसन्सवर पुन्हा लागवड करायची अट येते, आणि ती रोपं दहा वर्षं सांभाळावी लागतात. तिथे कुरण किंवा शेती करायची म्हणजे जमिनीचा वापर बदलला. त्याची वाट वेगळी आहे: 1999 चे वनविषयक पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचे नियम. रान काढायचं क्षेत्र एक हेक्टरच्या पुढे गेलं की ते लागू होतात. नॅशनल पार्क किंवा एओएनबीमध्ये (निसर्गसौंदर्यासाठी राखलेला प्रदेश, आता नॅशनल लँडस्केप म्हणतात) ही मर्यादा अर्धा हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वा एकर. एसएसएसआयमध्ये (शास्त्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित जागा) किमान मर्यादाच नाही. यंदा थोडं, दोन वर्षांनी थोडं, ही युक्तीही चालत नाही, कारण लगतच्या जागेत मागच्या पाच वर्षांत काढलेलं रान हिशेबात धरतात. मर्यादेच्या आत असलात तरी लायसन्स लागतंच, आणि लागवडीची अट त्याच्यामागून येते.

म्हणून माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी कमिशनकडे अभिप्राय मागा: या कामाला पर्यावरण परिणामाची संमती लागेल का? सोबत नकाशा, क्षेत्र, झाडांच्या जाती आणि पुढचा वापर स्पष्ट लिहा. पूर्ण माहिती मिळाल्यावर उत्तराला 28 दिवसांची मुदत असते, माहिती अपुरी असेल तर घड्याळ सुरूच होत नाही. 'संमती लागेल' असं उत्तर आलं तर पर्यावरण अहवाल करून घ्यावा लागतो. घरामागच्या रानासाठी तो खर्च कुणाला परवडतो, हा प्रश्न तिथेच विचारावा.

प्राचीन वनाचं प्रकरण तर आणखी वेगळं. इंग्लंडमध्ये 1600 सालापासून सलग रान असलेल्या जागेला प्राचीन वन धरतात. नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेच्या यादीचा नकाशा ऑनलाइन बघता येतो. घर घेण्याआधी तो उघडा, सॉलिसिटरची वाट बघू नका. मात्र मूळ यादी मुख्यतः दोन हेक्टरपेक्षा मोठ्या रानांची होती, त्यामुळे छोटा तुकडा नकाशावर नाही म्हणजे तो प्राचीन नाही असं होत नाही. बांधकामाच्या नियोजन धोरणात हे रान भरून न येणारं मानलेलं आहे. तिथे कुरणासाठी अर्ज करणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हे माझं स्पष्ट मत. एस्टेट एजंट 'पोटेन्शियल' म्हणाला, तर ते कशाचं, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

आता सूट कुठे मिळते ते पाहू, कारण गैरसमज सगळे इथलेच. आपल्याकडच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यात साग, आंबा, हिरडा, खैर अशी जातींची अनुसूची आहे, म्हणून लोक इथेही 'ओक कुठल्या यादीत येतो' विचारतात. इथे हिशेब जातीचा नाही, घनमीटरचा. एका तिमाहीत पाच घनमीटरपर्यंत लाकूड लायसन्सशिवाय तोडता येतं, त्यातलं विकता येतं फक्त दोन घनमीटर. तिमाही कॅलेंडरची: जानेवारी ते मार्च आणि पुढे तशीच. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर सालीसकट आठ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यास असलेली झाडं मोजत नाहीत.

पाच घनमीटर म्हणजे किती? त्याच उंचीवर घेर 157 सेंटिमीटर भरला तर व्यास 50. असं खोड दहा मीटर सरळ गेलं असेल आणि वर निमुळतं होत असेल, तर ढोबळ मानाने एक घनमीटर. म्हणजे तिमाहीला असे पाच ओक, त्यातले विकायला दोन. घरच्या शेगडीला एवढं लाकूड भरपूर झालं.

बागेतल्या झाडांना लायसन्स लागत नाही, म्हणून रानाला कुंपण घालून त्याला गार्डन म्हणायचं, ही पळवाटही टिकत नाही. चार खुर्च्या टाकल्या म्हणून रानाची बाग होत नाही. पूर्ण मेलेल्या झाडालाही लायसन्स लागत नाही, पण जुन्या ओकचा शेंडा वाळला म्हणजे तो मेला नाही. म्हातारा ओक वरचा पसारा सोडून देतो आणि खालच्या फांद्यांवर नवा घेर धरतो. उन्हाळ्यात पानं बघा, फोटो ठेवा. मेलेल्या खोडातल्या भेगा-ढोल्यांत वटवाघळं असू शकतात आणि त्यांना वेगळं कायदेशीर संरक्षण आहे. हेझल डॉरमाउस या उंदरासारख्या छोट्या प्राण्याचंही तसंच. लायसन्स हातात असलं तरी या प्राण्यांना त्रास द्यायची मुभा मिळत नाही. पक्ष्यांची घरटी तर बहुतेक मार्च ते ऑगस्टमध्ये असतात, तेव्हा करवत बंदच बरी.

अर्जात चुका होतात त्या नकाशात. तोडीचे भाग वेगवेगळे दाखवावे लागतात, प्रत्येकाचं क्षेत्र, जाती, अंदाजे घनमीटर आणि तोडीचा प्रकार (विरळणी, कॉपिस म्हणजे बुंध्यापासून पुन्हा फुटावं म्हणून तोडणं, निवडक की सरसकट) लिहावा लागतो. झाडावर टीपीओ (कौन्सिलचा झाड जपण्याचा आदेश) असेल तर तेही लिहा, लपवलं तर कौन्सिलकडून कळतंच. अर्ज 28 दिवस सार्वजनिक नोंदवहीत राहतो, शेजारी तो वाचतात आणि हरकतीही घेतात.

विनापरवाना तोडीचा दंड पूर्वी अडीच हजार पौंड किंवा लाकडाच्या दुप्पट किंमत, यातलं जे जास्त ते असायचा. जमिनीच्या भावापुढे ती रक्कम किरकोळ होती, बिल्डर लोक ती खर्चातच धरत असतील तर नवल नाही. 1 जानेवारी 2023 पासून दंडाला वरची मर्यादा उरलेली नाही, शिवाय पुन्हा लागवडीची नोटीस येते. हा बदल व्हायलाच हवा होता.

लागवड करावी लागली तर सगळा पैसा हरणांपासून बचावात जातो. रो या छोट्या जातीच्या हरणासाठी रोपांभोवती 1.2 मीटरच्या नळ्या लागतात, फॅलो ही मोठी हरणं असतील तर त्याहून उंच. ते निभावलं की झाड दहा-बारा वर्षांचं होताच करड्या खारी साल सोलायला येतात.

स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिथे हे आकडे वापरू नका. आणि ठेकेदार बोलावलात तर लायसन्सची प्रत आणि नकाशा त्याच्या हातात द्या, कारण विनापरवाना तोडीत मालकाबरोबर करवत चालवणाराही अडकतो. ते कागद न मागताच कामाला लागणारा ठेकेदार मी तरी घेणार नाही.