साखर मी लपवलेली नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

'आहार आणि कॅन्सरचा धोका' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना शोधत बसायला नको म्हणून तिचा सारांश देते. प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दलचा १८ टक्क्यांचा आकडा शेजारी मूळ धोका न देता मी लोकांना घाबरवायला वापरला, तुमचे आजोबा रोज असलं मांस खाऊनही नव्वदी ओलांडून गेले, आणि तुमच्याच शब्दांत, "साखर हेच कॅन्सरच्या पेशींचं अन्न, हे शेंबड्या पोरालाही कळतं, तुम्ही ते लपवलंत. कोणाचे पैसे खाता?"

मतभेद असू देत, प्रतिक्रियांची जागा त्यासाठीच आहे. पण ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत तिच्यावर थेट पैसे खाल्ल्याचा आरोप करायचा, ही कुठली रीत? आहारशास्त्र हा माझा पेशा आहे आणि केमोथेरपी चालू असलेल्यांचे आहारतक्ते आखणं हे रोजचं काम. तुमच्यासारखं एखादं वाक्य कुठेतरी वाचून धान्य, फळं, दूध सगळं बंद करून बसलेली माणसं माझ्यासमोर येतात. म्हणून ते वाक्य मी सोडून देणार नाही.

कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज भराभर ओढून घेतात आणि ऑक्सिजन हाताशी असतानाही त्याचं लॅक्टेट करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. मी ते कधी नाकारलेलं नाही. पेट स्कॅन, म्हणजे शरीरात गाठी कुठे आहेत हे दाखवणारी तपासणी, याच गुणावर चालतो. ग्लुकोजच्या रेणूतल्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवतात. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, फॉस्फेट जोडते, पण पुढची पायरी होत नाही आणि रेणू आतच अडकून पडतो. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे इंजेक्शननंतर साधारण तासाभराने चित्र घेतात. आता ते चित्र नीट बघा. मेंदू लख्ख उजळलेला दिसतो, कारण तोही भरपूर ग्लुकोज वापरतो. मूत्राशय उजळतं, कारण टोचलेलं हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. उलट प्रोस्टेटच्या कितीतरी गाठी या स्कॅनमध्ये फारशा उजळतच नाहीत. ग्लुकोज ओढणं हा पेशीचा गुण झाला. ते ग्लुकोज तुम्ही खाल्लेल्या साखरेतूनच आलं, असं त्यातून मुळीच ठरत नाही.

कारण साखर सोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. निरोगी माणसात उपाशीपोटीही ते डेसिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. यकृत आधी ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेलं ग्लुकोज, मोडतं. तो साठा साधारण दिवसभरात आटला, की मुख्यतः अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवायला लागतं, आणि ती अमिनो आम्लं येतात स्नायूंतून. म्हणजे जेवण तोडणाऱ्या रुग्णाची गाठ उपाशी राहत नाही, त्याच्या मांड्या आणि दंड झिजतात. वजन झपाट्याने उतरलं की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढची फेरी लांबते. अशा रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० किलोकॅलरी लागतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं, १५०० ते १८०० किलोकॅलरी. तोंडाला चव नाही, मळमळतंय, घास गिळवत नाही, अशा वेळी पिष्टमय पदार्थ वर्ज्य करून एवढी भरती करणं किती अवघड आहे, याचा विचार तुम्ही केलात का?

साखरेचा संबंध आहे, पण तो वजनाच्या वाटेने. जास्तीच्या कॅलरींतून चरबी वाढते, इन्सुलिन चढं राहतं. पाळी गेल्यानंतर मेदपेशी अरोमाटेझ या विकराच्या मदतीने इस्ट्रोजेन तयार करतात, आणि त्यामुळे स्तनाच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त वजनाचा संबंध १३ प्रकारच्या कॅन्सरशी जोडला. म्हणूनच निरोगी माणसाने वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांखाली ठेवावी. २००० किलोकॅलरींच्या आहारात ती जास्तीत जास्त ५० ग्रॅम होते, आणि ३३० मिलिलिटर गोड शीतपेयातच सुमारे ३५ ग्रॅम पोटात जाते. हे सगळं मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. लपवलं म्हणण्याआधी तेवढा तरी वाचायचा होता.

१८ टक्क्यांशेजारी मूळ धोकाही द्यावा, ही तुमची सूचना मात्र रास्त आहे आणि लेखात ती भर घालते. रोजच्या दर ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जिथे आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना तो होतो, तिथे आकडा ६ च्या जवळ जातो. आजोबांना दीर्घायुष्य लाभलं याचा आनंद आहे, पण एका माणसावरून धोका मोजता येत नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या घरात कोणावर उपचार चालू असतील, तर जेवणातलं काहीही बंद करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल किंवा उपचारात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं जात असेल, तर रक्तशर्करा चढते आणि साखरेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. त्याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, उत्तर देईन. पैसे खाल्ल्याच्या आरोपाचा पुरावा असेल तर तोही इथेच मांडा, नसेल तर ते वाक्य मागे घ्या. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही.